नाहूर ते सॅन होजे : किती लांब, किती वेळ

मुंबईच्या विमानतळापासून सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळापर्यंतचे सर्वांत जवळचे अंतर सुमारे 13,500 किलोमीटर आहे. या दोन शहरांत विनाथांबा उडाल्यास विमानाला मुंबईहून जाताना साधारण साडेपंधरा तास लागतात, तिकडून येताना सतरा किंवा त्याहून अधिक. शहरे तीच, विमान तेच, इंजिनेही तीच. तरी दोन दिशांत दीड तासाचा किंवा त्याहून अधिक फरक पडतो. अंतर एका आकड्यात सांगता येते, वेळ तशी सांगता येत नाही. म्हणूनच दूरच्या दोन शहरांबद्दल विचारताना किलोमीटर विचारायचे की तास, यावर दोन प्रामाणिक मते असू शकतात.

ही दोन्ही मते मुंबईतल्या नाहूर स्थानकाजवळच्या एका घरात समोरासमोर येतात. मामा भूगोलाचे निवृत्त शिक्षक आहेत. भाची विमानाची तिकिटे काढून देण्याचे काम करते. मामांची मुलगी कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन होजेला राहते आणि मामा-मामी पहिल्यांदाच तिच्याकडे निघाले आहेत. ते किती लांब आहे, एवढेच मामींनी विचारले होते.

मामा : "लांब म्हणजे किती, हे किलोमीटरमध्येच सांगायचं असतं. तास सांगितले की ते वाहनावर जातं. ठाण्याला लोकलने वेगळा वेळ, रिक्षाने वेगळा. ठाणं मात्र जागचं हलत नाही."

भाची : "ठाणं हलत नाही, कबूल. पण मामा, मामींना गुडघे वाकवून किती तास बसावं लागेल ते हवंय. ते किलोमीटर सांगून कसं कळणार?"

मामांच्या बाजूचा पुरावा म्हणजे शाळेत वापरतात तसा 30 सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल आणि शिवणाचा दोरा. अशा गोलाचा परीघ 94 सेंटिमीटरांच्या थोडा वर भरतो. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा परीघ 40,075 किलोमीटर आहे. म्हणजे गोलावरचा एक मिलिमीटर साडेबेचाळीस किलोमीटरांचा झाला. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबायचे, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर धरायचे आणि दोरा ताणायचा. ढिला असतो तोवर तो इकडेतिकडे सरकतो. पुरता ताणला गेला की आपणहून एका जागी बसतो. तीच गोलावरची सर्वांत जवळची वाट. भूगोलात तिला बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात. दोऱ्याची लांबी मोजपट्टीवर जवळजवळ 32 सेंटिमीटर येते, आणि 318 मिलिमीटरांना साडेबेचाळीसने गुणले की 13,500 किलोमीटर हातात पडतात.

या दोऱ्याची दिशा पाहिली की बहुतेकांना धक्का बसतो. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डाव्या टोकाला असते, त्यामुळे ती पश्चिमेला आहे असे मनात पक्के बसलेले असते. दोरा मात्र मुंबईहून जवळपास उत्तरेला निघतो, पूर्वेकडे फक्त 14 अंश कललेला. नाहूरच्या फलाटावर ठाण्याच्या बाजूला तोंड करून उभे राहावे आणि रुळांच्या रेषेपासून किंचित डावीकडे वळावे, की सॅन फ्रान्सिस्को अगदी नाकासमोर येते. हा दोरा लेहच्या जवळून हिमालय ओलांडतो, शिनजियांग आणि सायबेरियावरून आर्क्टिक महासागरात शिरतो, 76 ते 77 उत्तर अक्षांशांपर्यंत चढतो आणि अलास्का, कॅनडा असा उतरत कॅलिफोर्नियाला लागतो. सर्वांत वरच्या बिंदूपासून उत्तर ध्रुव दीड हजार किलोमीटरांवर राहतो. नाविक वापरतात त्या मर्केटर पद्धतीच्या सपाट नकाशावर मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को पॅसिफिकवरून पट्टीने जोडली, तर ती सरळ दिसणारी रेघ प्रत्यक्षात सुमारे 16,100 किलोमीटर भरते. दिसायला सरळ असलेली वाट अडीच हजार किलोमीटरांहून अधिक लांब निघते. गोल गोष्ट सपाट कागदावर पसरली की असे होणारच. 

मामा : "बघ. हा दोरा कुणाच्या मर्जीवर नाही. इंधन महाग होवो, कंपनी बदलो, दोरा एवढाच राहणार."

भाची : "दोरा बरोबर आहे मामा, पण त्या दोऱ्यावरून विमान जात नाही."

भाचीचा हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याची कारणे एकामागून एक पाहण्यासारखी आहेत. पहिले कारण लेहच्या पलीकडेच आहे. प्रवासी विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडते आणि आतली हवा दाबून ठेवलेली असते. हा दाब अचानक गेला तर डोक्यावरचे ऑक्सिजनचे मुखवटे खाली येतात. त्यांतला ऑक्सिजन काही मिनिटांपुरताच असतो. तेवढ्यात वैमानिकाला विमान सुमारे 10,000 फुटांवर, म्हणजे तीन किलोमीटरांवर उतरवावे लागते, कारण त्या उंचीवर माणूस मुखवट्याशिवाय श्वास घेऊ शकतो. तिबेटच्या पठाराची जमीनच सरासरी साडेचार किलोमीटर उंच आहे. उतरणार कुठे? म्हणून बहुतेक विमाने या पठाराला वळसा घालतात. ध्रुवाजवळच्या आकाशात वेगळी अडचण असते. जेट विमानांचे नेहमीचे इंधन उणे 47 अंशांला गोठू लागते, त्यामुळे तिथे टाक्यांमधल्या तापमानावर सतत लक्ष ठेवावे लागते. शिवाय इंजिनात बिघाड झाला तर ठरलेल्या वेळात गाठता येईल असा विमानतळ वाटेच्या आसपास असावा लागतो.

तरीही ध्रुवाकडची वाट भारतीय वैमानिकांनी प्रत्यक्ष वापरली आहे. जानेवारी 2021 मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली एअर इंडियाचे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळुरूला आले. कॉकपिटमधल्या सगळ्या वैमानिक महिला होत्या. त्या दोन शहरांतले सरळ अंतर जवळजवळ 14,000 किलोमीटर आहे.

डोंगर आणि थंडी यांच्यापेक्षा मोठा अडथळा माणसांनी उभा केलेला आहे. प्रत्येक देशाचे आकाश त्याच्या मालकीचे असते. ही गोष्ट मराठी माणसांनी एका खास वाटेवर पिढ्यान् पिढ्या अनुभवली. अलिबाग, रेवदंडा, पेण या भागातले बेने इस्रायली 1948 नंतर हजारोंच्या संख्येने इस्रायलला गेले. तिकडे त्यांनी मराठी टिकवली आणि 'मायबोली' हे मराठी नियतकालिकही चालवले. मुंबई आणि तेल अवीव यांच्यातले सरळ अंतर अवघे 4,050 किलोमीटर आहे. एवढ्या अंतराला साडेपाच तास पुरावेत. पण सौदी अरेबिया, इराण, इराक यांचे आकाश इस्रायली विमानांना बंद होते. त्यामुळे तेल अवीवहून निघालेल्या इस्रायली विमानाला आधी तांबड्या समुद्रावरून थेट दक्षिणेला उतरावे लागे. मग येमेनला वळसा घालून एडनच्या आखातातून बाहेर पडायचे आणि त्यानंतर मुंबईकडे वळायचे, असा तो सात-आठ तासांचा प्रवास होता. 22 मार्च 2018 रोजी एअर इंडियाचे दिल्ली–तेल अवीव विमान सौदी आकाशातून गेले, तेव्हा पहिल्यांदा हा पडदा सरकला. 2022 च्या जुलैमध्ये सौदी अरेबियाने आपले आकाश सर्व विमान कंपन्यांना खुले केले आणि फेब्रुवारी 2023 मध्ये ओमाननेही तसाच निर्णय घेतला. रेवदंडा आणि इस्रायलमधले लोद यांच्यात या काळात एक वीतभरही फरक पडला नव्हता. फक्त परवानगी मिळाली होती.

भाची : "आता सांगा मामा, इस्रायलला गेलेल्या घरातल्या एखाद्या आजीला 4,050 किलोमीटर हा आकडा काय कामाचा होता?"

मामा : "कामाचा होता. तो आकडा होता म्हणूनच तिला कळलं की आपल्याला उगाच फिरवून नेतायत. नुसते तास मोजले असते तर आठ तास लागतातच, असं वाटून ती गप्प बसली असती."

या मुद्द्यावर मामांची बाजू पक्की आहे. वळसा किती पडला हे सांगायला सरळ अंतर लागते. 24 एप्रिल 2025 रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हाही हेच दिसले. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना आधी दक्षिणेकडे येऊन अरबी समुद्र गाठावा लागला. मुंबईच्या उंबऱ्यावरच समुद्र आहे, म्हणून इथल्या विमानांना तो वळसा तुलनेने कमी पडला. युरोप मात्र पूर्वी होते तिथेच होते.

आकाश मोकळे असले तरी वाऱ्याचे काय, हा पुढचा प्रश्न. भाचीच्या मते मामांचा दोरा सर्वांत तोकडा पडतो तो इथेच. पृथ्वीच्या मध्यम अक्षांशांवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद आणि जोरदार वारे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग ताशी शंभर ते दोनशे किलोमीटर असतो, हिवाळ्यात त्याहून जास्त. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920 च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. आपल्याकडचेही नाव घ्यायला हवे. पावसाळ्यात भारतावर त्याहूनही उंचावरून उलट दिशेने, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे, एक जेट प्रवाह वाहतो आणि त्याचा अभ्यास भारतीय हवामान खात्याचे पी. कोटेश्वरम् यांनी 1950 च्या दशकात मांडला.

वाऱ्याचा हिशेब साधा आहे. विमानाचा वेग आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत ताशी 900 किलोमीटर धरू. हवा स्वतःच पुढे सरकत असेल तर जमिनीच्या तुलनेत वेग वाढतो, समोरून येत असेल तर घटतो. ताशी 100 किलोमीटरचा वारा पाठीशी असला की विमान जमिनीवरून ताशी 1,000 किलोमीटरने पुढे जाते, समोर असला की 800 ने.

याचे सर्वांत ठळक उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को मार्गाचे आहे. ही सेवा डिसेंबर 2015 मध्ये सुरू झाली. या दोन शहरांतले सरळ अंतर साधारण 12,400 किलोमीटर आहे. सुरुवातीला विमान युरोप आणि अटलांटिकवरून जात असे. त्या वाटेने 13,900 किलोमीटर पडत आणि वारा समोरून ताशी सरासरी 24 किलोमीटरने येई. ऑक्टोबर 2016 मध्ये कंपनीने वाट उलटी केली. म्यानमार, चीन, जपानवरून पॅसिफिक ओलांडायचे ठरले. अंतर वाढून 15,300 किलोमीटर झाले, पण वारा पाठीशी ताशी 138 किलोमीटरने मिळू लागला. चौदाशे किलोमीटर जास्त उडून विमान जवळजवळ दोन तास आधी पोहोचू लागले.

मामांनी हा हिशेब कागदावर करून पाहिला. 13,900 ला 876 ने भागले की पावणेसोळा तासांच्या थोडे वर येतात. 15,300 ला 1,038 ने भागले की पावणेपंधरा. चढण्या-उतरण्याचा वेळ आणि वाऱ्याचे रोजचे कमीजास्त सोडले तरी कल स्पष्ट दिसतो.

भाची : "म्हणजे लांबची वाट जवळची निघाली."

मामा : "वेळेने जवळची. अंतराने लांबचीच. शब्द नीट वापर. आणि कागदावर आणखी एक दिसतंय, तेही बघ."

मामांनी मांडलेले गणित मुंबई–लंडनचे होते. अंतर 7,200 किलोमीटर. वारा नसता तर जायला आठ तास, यायला आठ, एकूण सोळा. ताशी 100 किलोमीटरचा वारा धरला तर जाताना तो समोर येतो आणि 7,200 भागिले 800, म्हणजे नऊ तास लागतात. येताना तो पाठीशी असतो आणि 7,200 भागिले 1,000, म्हणजे सात तास बारा मिनिटे. एकूण सोळा तास बारा मिनिटे झाली. जाताना गेले ते येताना भरून निघते असा सर्वांचा समज असतो, आणि तो चुकीचा आहे. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकते, पाठच्या वाऱ्याचा लाभ त्याला कमी वेळ मिळतो, त्यामुळे फेरीत नेहमी तोटाच होतो. इंधन त्या हिशेबाने भरावे लागते. एवढ्या लांबच्या उड्डाणांसाठी वापरल्या जाणाऱ्या बोइंग 777-200 एलआर विमानात सुमारे 1 लाख 80 हजार लिटर इंधन मावते. टाक्या भरलेल्या असताना विमानाच्या वजनातला चाळीस टक्क्यांच्या आसपासचा वाटा एकट्या इंधनाचा असतो. वारा फार असेल तर कधी सामान, कधी काही आसने रिकामी ठेवूनच विमान निघते.

वाऱ्यापुढे हार मानूनही मामांनी आपली बाजू सोडली नाही. त्यांचा पुढचा युक्तिवाद इतिहासाचा होता, आणि तो मध्य रेल्वेच्या नाहूरच्याच मार्गावरच्या एका गावाचा होता.

मामा : "आनंदीबाई जोशी कल्याणच्या. 7 एप्रिल 1883 ला कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवस. मग 8 जून 1948 ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं, ते 10 जूनला पोहोचलं. आता मुंबईहून लंडनला साडेनऊ-दहा तास. दर पिढीला वेळ बदलली. कुठल्या पिढीची वेळ खरी धरायची? अंतर तेवढं राहिलं."

भाची : "मामा, अठ्ठावन्न दिवस लागत होते तेव्हा जाणारा माणूस परत दिसेल की नाही, याची घरात धाकधूक असायची. आज ताई दर दोन वर्षांनी गणपतीला येते. अंतर तेवढंच राहिलं, म्हणून हे झालं का? वेळ कमी झाली म्हणून झालं."

या जागी भाचीचे म्हणणे जास्त खरे आहे. कोणते गाव आपले राहते आणि कोणते परके होते, हे तासांनी ठरते. सॅन होजेला 2024 च्या जूनमध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन झाले. तिथे जमलेल्या मराठी कुटुंबांचे आईवडील ये-जा करू शकतात ते प्रवास एका दिवसाच्या आत बसतो म्हणून.

पण वेळापत्रकात छापलेली वेळ म्हणजे नेमकी कोणती वेळ? ती हवेत असण्याची वेळ नसते. विमान आपल्या जागेवरून मागे ढकलले जाते तिथपासून दुसऱ्या टोकाला जागेवर येऊन थांबेपर्यंतचा सगळा काळ तिच्यात धरतात. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईत हा फरक जास्त जाणवतो, कारण इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते. रांगेत उभे राहण्याची मिनिटे वेळापत्रकात आधीच भरलेली असतात. म्हणूनच विमान कधीकधी उशिरा निघूनही वेळेवर पोहोचते.

थेट विमान नसेल किंवा परवडत नसेल तर मध्ये एक थांबा येतो, आणि तेव्हा दोऱ्याचा खरा उपयोग होतो. मुंबई–दुबई सुमारे 1,930 किलोमीटर आणि दुबई–सॅन फ्रान्सिस्को 13,040, मिळून 14,970. फ्रँकफर्टवरून जायचे तर 6,570 आणि 9,150, मिळून 15,720. सरळ वाटेपेक्षा दुबईने दहा-अकरा टक्के वाढते, फ्रँकफर्टने सोळा. अंतर एवढे थोडेच वाढते. वेळ मात्र मधल्या थांब्यामुळे वाढते, आणि थांबा दोन तासांचा असेल की नऊ तासांचा हे तिकिटावर ठरते.

मामी : "मध्ये विमान बदलायचं म्हणजे कुठल्या दरवाजाला जायचं ते कोण सांगणार?"

भाची : "तिकिटावर व्हीलचेअर टाकते मामी. चालता येत असलं तरी टाकायची. तो माणूस तुम्हाला दुसऱ्या विमानाच्या दारापर्यंत नेऊन सोडतो. आणि थांबा तीन-चार तासांचा बघते. त्याहून कमी नको, पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं चुकतं."

घड्याळाचा भाग त्यानंतर येतो, आणि तिथे दोघांचेही आकडे चक्रावून टाकतात. भारताची प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. कॅलिफोर्निया हिवाळ्यात ग्रीनिचच्या आठ तास मागे असतो, उन्हाळ्यात सात. म्हणजे नाहूर आणि सॅन होजे यांच्यात हिवाळ्यात साडेतेरा तासांचा फरक असतो, उन्हाळ्यात साडेबाराचा. समजा, जानेवारीत मुंबईहून विमान दुपारी अडीचला निघाले आणि साडेपंधरा तास उडाले. नाहूरच्या घड्याळात तेव्हा दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे सहा वाजतील. त्यातून साडेतेरा तास वजा केले की सॅन फ्रान्सिस्कोत निघाल्या दिवशीचेच दुपारचे साडेचार. तिकिटावर प्रवास दोन तासांचा दिसतो. वाटेत पॅसिफिकवर आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना एक दिवस परत मिळालेला असतो. परतीला उलट होते. रविवारी रात्री नऊला निघालेले विमान सतरा तास उडून मंगळवारी पहाटे साडेतीनला मुंबईत उतरते, आणि तिकिटावरून सोमवार नाहीसा झालेला असतो.

मामा : "घड्याळ ही माणसाने ठरवलेली गोष्ट. आपल्या मुंबईचंच बघ. देशभर प्रमाणवेळ 1906 ला आली, तरी मुंबईने आपली वेगळी वेळ 1955 पर्यंत ठेवली होती. प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे. एकाच देशात दोन घड्याळं."

भाची : "माणसाने ठरवलं असलं तरी शरीर त्यावरच चालतं ना. मामींच्या साखरेच्या गोळ्या कुठल्या घड्याळाने घ्यायच्या, ते आधी डॉक्टरांना विचारायला हवं. तिकिटावर दोन तास दिसतात म्हणून दोन जेवणं चुकवून चालणार नाही."

ही सूचना साधी वाटते, पण वयस्क प्रवाशांसाठी ती तिकिटाइतकीच महत्त्वाची आहे. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर निघण्याआधी डॉक्टरांकडून वेळा लिहून घ्याव्यात, औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत आणि विमानात अधूनमधून उठून चालावे, कारण तासन् तास बसून राहिल्याने पायांत रक्त साकळण्याचा धोका असतो.

राहिला दारापासून दारापर्यंतचा हिशेब. यावर दोघांचे एकमत व्हायला वेळ लागला, कारण या हिशेबात अंतर आणि वेळ यांचा एकमेकांशी जवळपास संबंधच उरत नाही. नाहूर स्थानकापासून सहारच्या विमानतळाचे टर्मिनल दोन सरळ रेषेत साधारण दहा किलोमीटरांवर आहे. गाडीने जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोड आणि पवई, साकीनाका करत जायचे. पहाटे हा रस्ता अर्ध्या-पाऊण तासात संपतो, संध्याकाळी दीड तासही अपुरा पडतो. गाडी नको असेल तर लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो एकने मरोळ नाका आणि मरोळ नाक्याला मेट्रो तीन बदलून टर्मिनल दोन, असा रुळांवरचा मार्ग आता झाला आहे. वेळ त्यात जास्त भरवशाचा, पण तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा घेऊन घाटकोपरचा जिना चढायचा म्हणजे सोबत तरुण माणूस हवा.

भाचीने अडीचचे विमान धरून सगळ्या वेळा एका कागदावर लिहिल्या. सव्वादहाला घर सोडायचे, साडेअकराला विमानतळ, म्हणजे चेक-इन, सुरक्षा तपासणी आणि इमिग्रेशनला तीन तास मिळतात. अडीचला विमान. तिकडच्या साडेचारला उतरणे. इमिग्रेशनची रांग आणि सामान यांत दीड तास. सहाला बाहेर पडून मुलीच्या गाडीने पन्नास किलोमीटरांवरचे सॅन होजे, वाहतूक धरून सव्वासात. नाहूरच्या घड्याळात तेव्हा दुसऱ्या दिवशीचे सकाळचे पावणेनऊ झालेले असतात. एकूण साडेबावीस तास.

मामांनी तो कागद घेऊन त्याच्या खाली आपले आकडे लिहिले. मधल्या 13,500 आणि वळशाच्या किलोमीटरांना साडेपंधरा तास. दोन्ही टोकांच्या जमिनीवरच्या पासष्ट किलोमीटरांना सात तास.

मामा : "हे मला ठाऊक नव्हतं. जवळजवळ तिसरा हिस्सा वेळ तर इथल्या नि तिथल्या दारातच जातो."

भाची : "म्हणून तर मी आधी घर सोडायची वेळ विचारते, किलोमीटर नंतर."

नवी मुंबईच्या विमानतळामुळे यात एक नवा प्रश्न जोडला गेला आहे. त्याचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले आणि 25 डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. नाहूरपासून ते सरळ रेषेत बावीस किलोमीटरांच्या आसपास आहे, म्हणजे सहारच्या दुपटीहून दूर. पण नाहूरहून ऐरोलीचा पूल जवळ आहे आणि पुलापलीकडचे रस्ते रुंद आहेत. साकीनाक्याला गाड्या जागच्या हलत नाहीत अशा वेळी दूरचा विमानतळ लवकर गाठता येईल का, हे प्रत्येक वेळी निघण्याआधी पाहावे लागेल, कारण संध्याकाळी सहाचे उत्तर पहाटे चारला लागू पडत नाही.

मामा-मामींचे विमान सहारहून दुपारचे आहे. कागदावर मामींनी सव्वादहाच्या पुढे लाल शाईने खूण केली आहे, आणि त्याखाली डॉक्टरांना विचारायच्या गोळ्यांची नावे लिहिली आहेत.